स्वप्नात तू अजून दहावीतच आहेस का गं?

सातवा महिना लागलाय, पोट पुढे आलंय, आणि स्वप्नात मात्र तुला दहावीचा गणिताचा पेपर पडतोय. हॉलतिकीट सापडत नाही, पेन उमटत नाही, आणि वर्गावरच्या बाई येऊन विचारतात, "तुझं बाळ कुठंय?" हे सांगताना तू रडवेली झाली होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं. रागावू नकोस गं. हा पेपर मीही दिलाय. माझा भूगोलाचा होता, एवढाच फरक.

पण शेवटी तू जे हळूच विचारलंस, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "ताई, मला आईपण जमणार नाही हे माझ्या मनाला आधीच कळलंय का?" तर आधी त्याचंच उत्तर देते, म्हणजे पुढचं सगळं तू निवांत ऐकशील. नाही कळलेलं. स्वप्न काही निकालपत्र नसतं. तुझ्यात जे बदलतंय ते इतकं मोठं आहे, की दिवसभरात ते आवरत नाही, म्हणून रात्री चालू राहतं. पहिल्या बाळाच्या वेळी पुष्कळ जणी अशी विचित्र स्वप्नं बघतात. सांगत नाहीत, इतकंच. डोहाळेजेवणात "काय खावंसं वाटतं" हे चार चार जणी विचारतात, "रात्री काय दिसतं" हे कोण विचारतंय?

आधी झोपेचं बघ. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात. फेऱ्याच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, हातपाय लुळे पडतात आणि मेंदू मात्र जागेपणीसारखा कामाला लागलेला असतो. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे तो वाढत जातो. आणि स्वप्न लक्षात राहायचं, तर ते चालू असताना किंवा संपल्या संपल्या जाग यावी लागते.

आता तुझी रात्र आठव. बाथरूमला किती वेळा उठतेस? घशाशी येणारी जळजळ, पोटरीत येणारे गोळे, कूस बदलायची म्हणजे आधी उशा हलवा मग स्वतःला हलवा, आणि एवढं करून डोळा लागला की आतून लाथ. पहिल्यापेक्षा तुझी झोप कितीतरी जास्त वेळा मोडतेय, त्यामुळे एरवी विसरली गेली असती ती स्वप्नंही हाताशी राहताहेत. "मला स्वप्नंच फार पडायला लागलीत" यातला मोठा भाग हा आहे.

आपल्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ना, त्याचंही मला यातच उत्तर सापडलं. पहाटे स्वप्नं लांब असतात आणि उठायची वेळही तीच, त्यामुळे तीच आठवतात. जे आठवतं, त्याच्याशीच पुढचं काहीतरी जुळवता येतं. मध्यरात्री एक वाजता पडलेली शंभर स्वप्नं खोटी ठरली तरी ती मोजायला कोण जागं होतं?

शिवाय रेम झोपेत मेंदूतला भीती-माया-रागाचा भाग जोरात असतो आणि सारासार विचार करणारा भाग मंदावलेला. म्हणून तर तुझ्या एका स्वप्नात बाळ मांजराच्या पिल्लासारखं दिसलं तरी तुला त्याचं नवल वाटलं नाही. ते दूध प्यायलं का, याचीच काळजी लागली. जागी झाल्यावर मग नवल वाटलं, आणि पाठोपाठ भीती.

खरं सांगू का, तुझी निम्मी भीती स्वप्नातून आलेलीच नाही. ती तुझ्या चुलतसासूबाईंकडून आली आहे. दात पडलेला दिसला म्हणजे घरातलं कुणी जातं, साप दिसला म्हणजे अमुक, पाणी गढूळ दिसलं म्हणजे तमुक. मीही हे सगळं केलंय बरं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी स्वप्नात दाढ पडली म्हणून मी भल्या पहाटे आत्याला फोन लावला होता. फोनच्या आवाजानं ती घाबरून उठली, आणि तिला वाटलं की माझ्याच घरी काहीतरी झालं. त्या दिवशी अपशकुन कुणी केला असेल तर तो मीच.

अशा वेळी वाद घालू नकोस. "हो का" म्हणायचं आणि चहाचे कप उचलून आत जायचं. पण मनाशी एवढं ठेव, की आपल्या जुन्या वैद्यांनीसुद्धा सरसकट प्रत्येक स्वप्नाला फळ चिकटवलेलं नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा असलेलं, कल्पनेनं रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारं. यातले पहिले पाच वैद्यानं निष्फळ समजावेत, असं तिथंच म्हटलंय. सातातले पाच गं! पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं आणि मनानं रचलेलं, यात तुझा पेपर, हॉलतिकीट, मांजराचं पिल्लू आणि चुलतसासूबाईंनी सांगितलेले साप हे सगळे बसतात.

आणि स्वप्नात फळ दिसलं की फूल, यावरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या कुणी भेटल्या, तर तिथं मात्र "हो का" सुद्धा म्हणू नकोस. बाळाचं काय ते गर्भ राहिला त्याच क्षणी ठरलंय, तेही वडिलांकडून आलेल्या बीजावरून. तुझ्या झोपेला त्यातलं काही ठाऊक नाही.

मग स्वप्नांना काही अर्थच नाही का? तसंही नाही बघ. कॅल्विन हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं साध्यासुध्या माणसांची हजारो स्वप्नं गोळा केली होती. त्यात कोण येतं, कुठली जागा असते, भांडण किती, भीती किती, हे मोजायची एक पद्धत त्यानं आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ साली पुस्तकात मांडली. हॉलचं म्हणणं साधं होतं. दिवसा माणसाच्या मनात जे घोळतं, तेच रात्री पुढे चालू राहतं. गुप्त संदेश वगैरे काही नाही. तुझ्या मनात सध्या काय घोळतंय? मी तयार आहे का? माझी तयारी कुणी तपासणार आहे का? मग मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तयारी तपासली जाण्याची जागा म्हणून बोर्डाच्या परीक्षेचा हॉल नाही दिसणार, तर काय दिसेल?

यात एक गंमत आहे आणि ती मला फार उशिरा कळली. आपलं आयुष्य बदललं तरी स्वप्नातली जागा लवकर बदलत नाही. लग्नानंतर कितीतरी महिने माझ्या स्वप्नात सासरचं घर आलंच नाही. नवरा यायचा, पण आमच्या मिरजेच्या घरात, मधल्या खोलीत, माझ्या भावाच्या जागेवर पाट मांडून जेवायला बसलेला. सासूबाई यायच्या त्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून. (हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.) एका स्वप्नात मी बँकेत बाकावर बसले होते आणि काउंटरवरून एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जात होतं. मी वैतागून शेजारणीला म्हटलं, "कोण आहे ही, उठत का नाही?" जागी झाल्यावर लक्षात आलं, ते माझंच लग्नानंतरचं नाव होतं. लग्नात तांदळात नवं नाव लिहून काही माझं पहिलं नाव बदललं नव्हतं, फक्त मधलं आणि शेवटचं गेलं होतं. पॅनकार्ड झालं, आधार झालं, गॅसचं पुस्तक झालं, पण झोपेतल्या मला अजून कुणी कळवलंच नव्हतं.

तेव्हा मला वाटलं होतं, माझं सासरी मनच लागत नाही, याचा हा पुरावा. किती रडले असेन! आज वाटतं, ते सगळं दिवाळीआधी माळा आवरण्यासारखं होतं. वरचं सगळं खाली काढलं की घर आधीपेक्षा घाण दिसतं, पितळी डबे आणि जुन्या वह्या एकाच ढिगात येतात, आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. म्हणून काही आपण वाईट गृहिणी ठरत नाही. काढलंय, म्हणजे आवरायला घेतलंय.

हे फक्त बायकांचंच असतं असंही नाही. माझे वडील हायस्कूलात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर पेन्शन सुरू झाली, सकाळचं फिरणं सुरू झालं, सगळं मजेत होतं असं आम्हाला वाटत होतं. एकदा चहा पिताना मी माझं बँकेचं स्वप्न सांगितलं, तर ते म्हणाले, "मला हजेरीपट सापडत नाही. रोज. मुलं वर्गात बसलेली असतात, घंटा झालेली असते, आणि मला वर्ग कुठला तेच आठवत नाही." आईला हे माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर ज्याला 'सर' म्हणून हाक मारली, तो माणूस 'सर' नसताना कोण असतो, हा प्रश्न ते दिवसा कुणाशी बोलणार होते? पुढे त्यांनी कॉलनीतल्या पोरांना संध्याकाळी संस्कृत शिकवायला घेतलं. स्वप्न थांबलं का, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून बरं दिसत होतं.

याच विषयावर आयुष्य घालवलेली एक बाई शिकागोत होती, रोझलिंड कार्टराइट. घटस्फोटातून जाणाऱ्या माणसांना तिनं झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं, रेम झोपेतून उठवून स्वप्नं विचारली, आणि बऱ्याच महिन्यांनी ती माणसं कशी आहेत हे पुन्हा पाहिलं. आपल्याला वाटेल, ज्यांना सोडून गेलेल्या जोडीदाराची स्वप्नं पडत नाहीत ती लवकर सावरली असतील. तिला उलटं दिसलं. खचलेल्यांपैकी ज्यांच्या स्वप्नात तो जोडीदार येत होता, भावनांसकट येत होता, जुन्या आठवणी आणि आताचं दुःख एकत्र विणलं जात होतं, ती माणसं पुढे जास्त सावरलेली सापडली. माझी एक मैत्रीण कोर्टाच्या तारखा चालू असताना दर दोन दिवसांनी स्वप्नात नवऱ्याशी भांडायची आणि सकाळी स्वतःलाच बोल लावायची, "अजून सुटत नाही माझ्याकडून." मला तेव्हा हे ठाऊक असतं, तर मी तिला म्हटलं असतं, भांड बाई, पोटभर भांड.

तुझ्याही बाबतीत तेच आहे. वाईट स्वप्न पडतंय म्हणजे काहीतरी बिघडतंय, असं धरून चालू नकोस. १९७२ साली कॅरोलिन विंगेट आणि फ्रेडरिक कॅप यांनी पहिलटकरणींची स्वप्नं नोंदवून नंतर त्यांच्या कळांचा काळ मोजला होता. ज्यांच्या स्वप्नांत धास्ती आणि संकटं जास्त होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण लवकर उरकलेलं होतं. आता यावर विसंबून मुद्दाम घाबरायला बसू नकोस, अभ्यास छोटा आहे, आणि कळा किती वेळ चालतात याला दहा कारणं असतात. मी सांगतेय ते एवढ्यासाठीच, की झोपेत घाबरलेली बाई बाळंतपणात कच्ची पडते, असं काही नाही.

आता तुझी दुसरी स्वप्नं. बाळाला रिक्षात विसरले, बाळ फ्रीजमध्ये ठेवलं, बाळ जन्मल्या जन्मल्या बोलायलाच लागलं, बाळ इतकं छोटं की कानातल्याच्या डबीत मावलं. सुरुवातीच्या महिन्यांत मासे, कासवं, पिल्लं, पाणी. शेवटी शेवटी विसरणं, हरवणं, उशीर होणं. हे सगळं ठरलेलं आहे गं, जगभरच्या बायका हेच सांगतात. ज्या बाळाला अजून चेहराच नाही, त्याला मन निरनिराळे चेहरे लावून बघतं. आणि विसरण्याचं म्हणशील, तर ज्या गोष्टीची पर्वाच नसते, ती विसरल्याची स्वप्नं कुणाला पडतात? छत्री रिक्षात विसरल्याचं स्वप्न पडलंय कधी तुला? खरी तर तू दर पावसाळ्यात एक विसरतेस.

एक गोष्ट तू बोलली नाहीस, पण मला शंका आहे, म्हणून मीच काढते. कॉलेजातला तो येतो का स्वप्नात? आला तर येऊ दे. गरोदरपणात जुनी प्रेमप्रकरणं, कधीच न झालेली प्रेमप्रकरणं, अगदी लाज वाटावी अशी स्वप्नंही पडतात, आणि नवऱ्याच्या शेजारी झोपून हे बघितलं म्हणून बाई सकाळभर त्याला नजर देत नाही. वेडी! त्या मुलाचा यात फारसा संबंध नसतो. तो येतो तेव्हा त्याच्यासोबत एकोणीस वर्षांची तू येतेस, केस मोकळे सोडलेली, शेवटची बस चुकवणारी, कुणाला न विचारता सिनेमाला जाणारी. आता रात्री नऊ वाजता तांदूळ भिजत घालणाऱ्या तुला तिची आठवण येते. साहजिक आहे. तो आला याचा अर्थ नवरा चुकला असा होत नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हवं असलेलं काहीतरी आता तुझ्या आठवड्यात राहिलेलं नाही, असा मात्र होऊ शकतो. मग तेवढं कर. मैत्रिणीसोबत सिनेमा बघून ये. नवव्या महिन्याच्या आत जा म्हणजे खुर्चीत मावशील.

नवऱ्यालाही स्वप्नं पडत असतील, विचार त्याला एकदा. बाळ हातातून निसटलं, दवाखान्याचा रस्ता सापडला नाही, सगळे घरात आणि आपण बाहेर. बाप्ये बोलत नाहीत. त्याचं तर पोटही वाढत नाही, त्यामुळे तोही बदलतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता बाळंतपणानंतरचं सांगून ठेवते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी भयंकर घाबरले होते. बाळ पाळण्यात झोपलेलं असेल, आणि तू मध्यरात्री दचकून उठशील आणि पांघरुणात बाळाला शोधायला लागशील. उशी उचलशील, नवऱ्याला ढकलशील, "उठ, बाळ तुझ्या अंगाखाली आलंय!" म्हणून ओरडशील. मी तर एकदा नवऱ्याच्या डोक्यालाच अर्धवट झोपेत थोपटत होते. त्याला वाटलं प्रेम आलंय. बाळ अंथरुणात हरवल्याचं हे स्वप्न नव्या आयांना सर्रास पडतं. कॅनडात माँट्रियलच्या टोरे नीलसन यांनी त्याचा अभ्यासच केलाय. रात्री तीन-तीनदा उठून दूध पाजायचं, झोपेचे तुकडे झालेले, आणि डोक्यात चोवीस तास एकच विचार. मग झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पातळ होते. तू वेडी होत नाहीयेस. तेव्हा फक्त एवढं कर. पाळणा हाताच्या अंतरावर ठेव, छोटा दिवा रात्रभर चालू ठेव, म्हणजे डोळे उघडताच बाळ दिसेल. आणि नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, की अशी उठलीस तर त्यानं "बाळ पाळण्यात आहे, हे बघ" एवढंच म्हणायचं. हसायचं ते सकाळी.

बाळही झोपेत हसेल, तोंड वाकडं करेल, रडवेलं होईल. सटवाई हसवते म्हणतात ना आपल्याकडे. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप त्या बुबुळं हलणाऱ्या प्रकारची असते, मोठ्यांची साधारण चौथा हिस्सा. त्याला काय दिसत असेल कोण जाणे. मला आपली सटवाई आवडते, तेवढं राहू दे.

मग स्वप्नांचं करायचं काय? माझं ऐकशील तर अर्थ काढत बसू नकोस, आणि ती स्वप्नफळाची पुस्तकं तर हातातही घेऊ नकोस. उशाशी एक साधी वही ठेव. उठल्यावर दोन ओळी लिही. काय झालं ते लिहिलं नाहीस तरी चालेल, पण कसं वाटलं ते लिही. उशीर झाल्यासारखं वाटलं, कुणी ऐकत नव्हतं, एकटी होते. मग दुपारी स्वतःला विचार, हे असंच मला जागेपणी कुठे वाटतंय? माझ्या वहीत "कुणी ऐकत नव्हतं" हे इतक्या वेळा आलं, की मला शेवटी कळलं, बाळंतपण कुठल्या दवाखान्यात आणि माहेरी की सासरी, हे सगळ्यांनी ठरवलं होतं आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलले. थोडी आदळआपट झाली, पण ठरलं माझ्या मनासारखं. तुझं काय निघेल मला माहीत नाही. कदाचित रजेचं असेल, कदाचित रजेनंतर नोकरीत जागा राहील का याचं असेल. परीक्षेच्या स्वप्नामागे ऑफिस असेल, तर साहेबांना आत्ताच लेखी विचार, बाळ झाल्यावर नको. आपल्या कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा दिलीय, २०१७ पासून. तुझ्या ऑफिसला ती लागू आहे का, हे विचारायला संकोच कसला?

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा येऊन छळत असेल, तर त्यावर एक उपाय आहे आणि तो खरोखर डॉक्टर वापरतात. अमेरिकेतले बॅरी क्रॅको यांनी भयंकर प्रसंगातून गेलेल्या बायकांवर तो वापरून पाहिला आणि त्यांची दुःस्वप्नं कमी झाली. दिवसा, उजेडात, शांत बसायचं. स्वप्न आठवायचं, आणि त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. मग तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचा. बाळ एसटीत विसरल्याचं माझं स्वप्न मी असंच दुरुस्त केलं. माझ्या नव्या शेवटात कंडक्टर बाई डेपोत बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बाळ त्यांचं तिकिटाचं मशीन चाटत होतं, आणि त्या मला म्हणत होत्या, "या, चहा घ्या आधी." काही दिवसांनी ते स्वप्न यायचंच बंद झालं. मला तर थोडी चुटपुट लागली, चहा राहिला म्हणून.

झोपेचं पण बघ जरा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, पाणी दिवसा भरपूर पी आणि झोपण्याआधी थोडं कमी. आता कुशीवर झोपायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घालून. पाठीवर जाग आली तर घाबरू नकोस, पुन्हा कुशीवर वळ. पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तर डॉक्टरांना सांग, लोह कमी असलं की तसं होतं. आणि झोपेसाठी कुणीही, अगदी मीसुद्धा, काही गोळी-काढा सुचवला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

एवढं मात्र नीट ऐक. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते ओसरतं. पण दोन आठवडे उलटून गेले तरी उदासी जात नसेल, बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, तर ते स्वप्नांवर किंवा थकव्यावर ढकलू नकोस. डॉक्टरांकडे जा. आणि जागेपणी आवाज ऐकू आले, भलतंसलतं दिसलं, स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांग आणि दवाखाना गाठ. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलतात. नंबर आत्ता फोनमध्ये घाल. माझ्या नावाखाली घातलास तरी चालेल.

बाकी तुला जमणार का, हा प्रश्न मला पुन्हा विचारू नकोस. ज्या मुलीनं बारावीच्या सुट्टीत आजीचं मोडलेलं मांडीचं हाड आणि घर दोन्ही सांभाळलं, तिला दीड वितीचं बाळ सांभाळता येईल. बावरशील, चिडशील, वरण करपेल, आणि जमेल.

आता फोन बाजूला ठेव आणि दुपारची अर्धा तास पड. झोपेत काही मजेशीर दिसलंच, तर संध्याकाळी मला सांग. त्या आत्याला फोन करू नकोस.